मांडीवरची गिटार

गिटार म्हटली की खांद्याला पट्टा अडकवून उभा राहिलेला एखादा केसाळ तरुण डोळ्यांपुढे येतो. माझी गिटार त्या जातीची नव्हे. ती मांडीवर आडवी निजते. तिच्या तारा बोटांनी दाबायच्या नसतात. डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत, जड कांडी धरून ती तारांवरून सरकवायची असते. आमच्या लहानपणी रेडिओवर सिनेमातल्या गाण्यांच्या ज्या लांबलचक, गळा दाटून आल्यासारख्या धून वाजत, त्या हिच्याच. व्हॅन शिप्ले, हजारासिंग ही नावे त्या काळी रेडिओ ऐकणाऱ्या घरांत परकी नव्हती. ‘हवाईयन गिटार’ म्हणत तिला.

वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मी हिच्या नादी लागले, याला कारण माझी सतार. तीस वर्षे वाजवली. पण सतारीची मींड म्हणजे डाव्या हाताच्या बोटाने तार पडद्यावर दाबून बाजूला ओढायची, आणि तीही चांगले चार-पाच सूर. त्याला तर्जनी वाकावी लागते आणि तिच्यात जोर लागतो. संधिवाताने माझ्या तर्जनीचा सांधा असा धरला की बोट वाकेचना. डॉक्टरांनी तार ओढायला साफ मनाई केली. सतारीवर गवसणी चढली ती दोन वर्षे उतरली नाही. आमच्या नागावच्या वाडीत माडपोफळींच्या सावलीमुळे संध्याकाळ तशीही लवकर होते. ती दोन वर्षे फारच लवकर होई.

मग एकदा ब्रिजभूषण काबरा यांचे वादन ऐकत बसले होते. अली अकबर खाँसाहेबांकडे तालीम घेऊन त्यांनी ही गिटार रागसंगीतात आणली. १९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांचे संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या बरोबरीने त्यांची गिटार आहे. एवढी लांब मींड, आणि ओढाताण कशी ती नाही! कांडी धरण्याची रीत पाहिली तर काय, अंगठा आणि मधले बोट दोन बाजूंनी धरणार, आणि तर्जनी वरून सरळ, ताठ ठेवायची. ताठ! माझ्या हाताचे जे बोट निकामी ठरले होते, त्याला इथे जागा राखून ठेवलेली होती.

वाद्य मुंबईहून आणले, गेटवेच्या लाँचने मांडव्याला उतरून. अलिबागेकडे गिटार शिकवणारे आहेत, पण ते उभ्या गिटारचे. मला ऐकून, पाहून आणि सतारीची जुनी पुंजी मोडूनच शिकणे भाग होते.

या वाद्याचे कूळही मोठे गमतीचे. हवाई बेटांतल्या जोसेफ केकुकू नावाच्या एका शाळकरी पोराने १८८९ च्या सुमारास हा प्रकार रूढ केला, असे मानतात. कोणी म्हणतात त्याने लोखंडी बोल्ट तारांवर फिरवून पाहिला, कोणी म्हणतात खिशातला कंगवा पडला. तौ मो आणि त्यांचे कुटुंब गात-वाजवत जगभर हिंडले. १९४० नंतरची काही वर्षे त्यांचा मुक्काम कलकत्त्यात होता, आणि तिथे त्यांनी हे वाद्य शिकवलेही. तारेवर काही घासून सूर काढणे आपल्याला मात्र मुळीच नवे नव्हते. आपल्या विचित्रवीणेवर काचेचा गोळा फिरतो. म्हणूनच पाहुणी इथे अशी चटकन घरची झाली असावी.

आता शिकण्याचे. सहा तारा मी जाडीकडून बारकीकडे सा प सा ग प सा अशा लावते. मोकळ्या छेडल्या तरी कानाला गोड लागतात, आणि नवशिक्याला तेवढाच धीर येतो. पाचव्या रेघेवर कांडी आडवी ठेवली की मध्यम, सातवीवर पंचम, बारावीवर वरचा षड्ज. या रेघा म्हणजे सतारीचे पडदे नव्हेत, नुसत्या खुणा. साध्या गिटारीत बोट पडद्याच्या मागे दाबतात. इथे कांडी नेमकी रेघेच्या डोक्यावर हवी. दाबायची मुळीच नाही, तिचे वजन पुरते.

पण रेघेवर तरी किती विसंबायचे? माझ्या गिटारीची तार साडेबावीस इंचांची. पंचमाची रेघ आणि तानपुऱ्यात विरघळणारा पंचम यांत अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नाही. गांधाराचे मात्र तसे नाही. रेघ पेटीच्या सारख्या बारा भागांच्या हिशेबाने मारलेली. तानपुऱ्याशी जुळणारा शुद्ध गांधार तारेच्या चार-पंचमांश लांबीवर, म्हणजे रेघेच्या सुमारे साडेतीन मिलिमीटर अलीकडे सापडतो. डोळे रेघेवर ठेवले तर सूर कच्चा, कानावर ठेवले तर रेघ चुकीची! मी मोबाइलमधला तानपुरा लावते आणि डोळे मिटते. सतारीने माझ्या बोटांना राबवले, ही कानांना राबवते. शिवाय वर जावे तशा रेघा दाटत जातात. पहिली रेघ सव्वा इंचावर, तर अकरावी आणि बारावी यांत पाऊण इंचही नाही. वरच्या षड्जाशी श्वाससुद्धा जपून घ्यावा लागतो.

याहून अवघड काम गप्प करण्याचे. नको असलेल्या तारा आपोआप बोलतात, कांडी उचलली तरी किरकिरतात. म्हणून डाव्या हाताची शेवटची दोन बोटे कांडीच्या मागे तारांवर हलकेच टेकवून ठेवायची आणि उजव्या तळहाताच्या कडेने बाकीच्या तारा झाकायच्या. पहिले तीन महिने मी वाजवण्यापेक्षा झाकण्याचाच रियाज अधिक केला. कंपही लगेच घेऊ नये. आधी सूर जागेवर बसावा, मगच हात हलावा. नाहीतर बेसूर लपवायला कंप फार सोयीचा पडतो. आमच्या ह्यांनी पहिल्या आठवड्यात एवढेच विचारले, “वाडीतला रहाट पुन्हा सुरू केलात की काय?”

माझी गिटार विजेची. तारांखाली चुंबक, त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेढे. पोलादी तार थरथरली की वेढ्यांत वीज उमटते आणि ध्वनिवर्धकातून आवाज निघतो. १९३२ साली अमेरिकेत बाजारात आलेली ‘फ्राइंग पॅन’ नावाची विजेची गिटारही मांडीवरचीच होती. मला गंमत वाटते ती शेजाराची. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, चुंबकाची मोजमापे बिघडणार, म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागेला हलवली. ती तिकडे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेत बसलेली, आणि मी चार कोसांच्या आत चुंबकावर भूप शोधत!

पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा ध्वनिवर्धक मुका होतो. भरीव लाकडाच्या या गिटारीला सतारीसारखा भोपळा नाही. उरतो तो डासाएवढा आवाज. मांडीवर टेकलेली असल्यामुळे तो मला हाडांतून मात्र ऐकू येतो. ह्यांना ही व्यवस्था पसंत आहे. खरा वैरी खारा वारा. तारांवर तांबेरा चढला की कांडी खरखरते. म्हणून रियाज झाला की प्रत्येक तार कोरड्या मलमलीने पुसून वाद्य पेटीत, पेटी कपाटात. पावसाळ्यात गेटवेच्या लाँची बंद असतात. तेव्हा मे महिन्याच्या बेगमीत तांदूळ, कोकमे आणि पापडांबरोबर तारांचे दोन संच आले.

श्रावणापासून भूप चालू आहे. सा, रे, ग, प ठरल्या जागी भेटतात. नवव्या रेघेजवळचा धैवत अजून रोज नव्याने शोधावा लागतो. एखाद्या संध्याकाळी पंचमावरून सरकता सरकता तो सापडतो, तेव्हा मी कांडी तशीच ठेवून तार विरेपर्यंत ऐकत बसते. परवा ह्यांनी आतून हाक मारून विचारले, “थांबलीस का? पुढे वाजव की.”