पहिलं ऑइल

आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये, पाण्याच्या टाकीकडून तिसऱ्या खांबाजवळ, फरशीवर ताटाएवढा एक काळा डाग आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी तो नव्हता. रेक्टर सरांनी दोनदा चौकशी केली. वॉचमनमामांनी एकदा राखेने आणि एकदा चक्क कपड्यांच्या साबणाने घासून पाहिला. डाग जात नाही. सर, तो डाग माझा आहे. समोर उभं राहून सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून मासिकातून सांगतोय.

(माझं बारावीपर्यंतचं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये. ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी तपासलेत, तरी चुका राहिल्या तर त्या माझ्याच. 'आटे' हा शब्द तर मला दिवाळीपर्यंत माहीतच नव्हता, मी 'थ्रेड्स' म्हणायचो. तो कसा शिकलो ते पुढे येईलच.)

तर झालं असं. दसऱ्याला पप्पांनी मला बाइक घेऊन दिली. नाव लिहीत नाही, फुकटची जाहिरात कशाला. १२५ सीसी, काळी, पतपेढीचं कर्ज, ३६ हप्ते. पप्पांनी अट घातली नाही. अट घातली आण्णांनी.

आण्णा म्हणजे माझ्या आईचे वडील. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्समध्ये असेंब्लीला होते. आपल्या पिढीला हे नाव ठाऊक नसेल. १९७५ साली बजाज ऑटो आणि सरकारचं पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून ही कंपनी काढली आणि साताऱ्यातून 'प्रिया' स्कूटर बाहेर पडू लागली. लोक नंबर लावून वर्षानुवर्षं स्कूटरची वाट बघायचे ते दिवस. आता तिथे स्कूटर बनत नाही, पण आण्णांचा हात अजून असेंब्लीचाच आहे. कपाचा कान जरी निखळला तरी आधी तो बोटाने चाचपून बघतात, मग डोळ्यांनी.

गाडी दारात आली, आईने हळद-कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. आण्णांनी जुन्या डायरीत एक पान आखलं. तारीख, किलोमीटर, काय केलं. आणि मला म्हणाले, "हजारापर्यंत गाडी तुझी न्हाई, माझी. पिळायची न्हाई, डबलसीट न्हाई, एकाच स्पीडला मैलोनमैल धरायची न्हाई. सांगलीला जाताना हायवेनं जायचं न्हाई, रहिमतपूर, औंध, पुसेसावळी, विटा, तासगाव असं जायचं. आन् पाचशेला पयलं ऑइल मी बघणार. सर्व्हिसला सोबत जाऊ, जुनं ऑइल डब्यात घरी आणू. पयलं ऑइल समदं सांगतं."

शेवटचं वाक्य नीट लक्षात ठेवा. सगळा घोळ त्याच वाक्याने केला.

रनिंग-इन हे काय प्रकरण आहे, ते मेकॅनिकलवाल्यांना माहीत असेल, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. सिलिंडरची आतली भिंत वरवर गुळगुळीत दिसली तरी तशी नसते. तिच्यावर मुद्दाम तिरप्या-तिरप्या बारीक रेघा पाडलेल्या असतात, होनिंग म्हणतात त्याला. त्या रेघांत ऑइल धरून राहतं. रेघांची वरची टोकं आणि पिस्टनच्या रिंगा सुरुवातीच्या काही शे किलोमीटरमध्ये एकमेकींना घासून घासून जमतात. आण्णांच्या भाषेत, कोल्हापुरी चप्पल पायाला बसते तसं. आणि गंमत म्हणजे गाडी अगदीच लाडाने, गोगलगाईसारखी चालवली तरी रिंगा बसत नाहीत. रिंगेच्या मागे वायूचा दाब गेला तरच ती भिंतीला नीट टेकते. म्हणून चढ-उतार हवा, गिअर बदलायला हवेत, वेग कमी-जास्त व्हायला हवा. रहिमतपूरचा रस्ता कशासाठी, तर त्यासाठी. मला वाटलं होतं, म्हाताऱ्या माणसाला हायवेची भीती.

या घासण्यातून निघालेली धातूची पूड जाते कुठे? ऑइलमध्ये. शिवाय बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांना मिळून एकच ऑइल असतं, त्यामुळे नव्या गिअरची पूडही त्यातच. फिल्टर बरीच पूड पकडतो, सगळी नाही. थंडीत ऑइल घट्ट असलं किंवा फिल्टर तुंबला, तर बायपास झडपेचं इंजिन असेल तिथे ते न गाळताच पुढे जातं. म्हणून पहिलं ऑइल लवकर, साधारण ५०० ते १००० किलोमीटरच्या दरम्यान काढतात, पुढची मात्र बरीच उशिरा. आकडा प्रत्येक गाडीच्या पुस्तकात वेगळा असतो, तोच खरा धरायचा.

हे सगळं मला आज येतं. दसऱ्यानंतर हॉस्टेलला निघालो तेव्हा इतकंच येत होतं की गाडी नवी आहे, सकाळ आहे आणि हायवे मोकळा आहे. रहिमतपूरला वळायचं तिथे वळलो नाही. उंब्रजच्या पुढे काट्यावर पंचाण्णव दिसले. कराड गेलं, पेठ नाका आला, तोपर्यंत तो काटा मी फारसा खाली येऊ दिला नाही. आष्ट्यात चहाला थांबलो तेव्हा इंजिनच्या तापल्या पत्र्यांतून टिक-टिक-टिक असा आवाज येत होता. गार होताना सगळ्याच गाड्यांतून येतो तो. मला मात्र वाटलं, गाडी आण्णांना काहीतरी कळवतेय.

रात्री फोन आला. "रस्ता कसा होता?" "चांगला होता." खोटं नव्हतं ते!

मग वीस दिवस विश्रामबाग, मिरज, संध्याकाळी हरिपूरचा संगम असं फिरण्यात किलोमीटर चढत गेले आणि तसतसं ते वाक्य डोक्यात वाढत गेलं. पहिलं ऑइल सगळं सांगतं. म्हणजे पंचाण्णवही सांगणार. डब्यातल्या ऑइलमध्ये चकाकी दिसणार, आण्णा माझ्याकडे बघणार. पप्पांचे ३६ हप्ते, त्यातला एकही अजून भरलेला नाही. ४८० किलोमीटर झाले आणि मी ठरवलं, ऑइल आपणच बदलायचं. पुरावाच नको.

रूममेट तयार झाला. (त्याचं नाव लिहिणार नाही, असं कबूल केलंय.) ऑइलच्या दुकानात गेलो तर दुकानदाराने विचारलं, "कारचं का बाइकचं?" आम्ही गप्प. त्याने बाटली फिरवून 'जासो एमए' हा शिक्का दाखवला. बाइकचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो, कारच्या कित्येक ऑइलमध्ये घर्षण कमी करणारं रसायन घातलेलं असतं, ते घातलं तर क्लच घसरतो. थर्ड इयर मेकॅनिकलच्या दोन मुलांना हे दुकानदाराने सांगितलं. असो.

मेसच्या फुटक्या परातीत ऑइल काढलं. ते मी नीट पाहिलंसुद्धा नाही. अंधार होता आणि पाहायचं नव्हतंच. परात उचलून मागच्या गटारात ओतली. येताना हातातून निसटली, तेव्हाचा हा डाग. मग ड्रेन बोल्ट बसवला. गळू नये म्हणून रूममेटने पान्यात दोन फुटी पाइप घातला आणि म्हणाला, "अजून एकदा." पाना आधी जड गेला, मग अचानक हलका झाला. लोण्यात सुरी गेल्यासारखा. ज्यांनी कधी आटे घालवलेत त्यांना तो हलकेपणा माहीत असेल. पोटात गोळा येतो.

त्याच आठवड्यात मशीन डिझाइनला आम्ही बोल्टचं गणित सोडवलं होतं. १२ मिलिमीटरचा बोल्ट, २५ न्यूटन-मीटर टॉर्क, बोल्टमधली ओढ सुमारे १० किलोन्यूटन, म्हणजे टनभर. आमच्या पाइपने पाचपट तरी लावला असेल. बोल्ट स्टीलचा, केसिंग अ‍ॅल्युमिनियमचं. आटे कुणाचे जाणार, हे वेगळं सांगायला नको. परीक्षेत त्या गणिताला मला पूर्ण मार्क आहेत.

नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप गुंडाळून बोल्ट कसाबसा अडकवला आणि सुट्टीला निघालो. हायवेनेच, कारण आता लवकर पोचायचं होतं. कराडच्या अलीकडे मागून एका ट्रकवाल्याने हॉर्न देऊन खाली बोट दाखवलं. थांबून पाहतो तर इंजिनाचं बूड ओलं, ऑइल मागे उडत मागच्या टायरच्या कडेपर्यंत आलेलं. काडी काढून पाहिली, टोकालाही ऑइल लागेना. इंजिनमध्ये जेमतेम लिटरभर ऑइल असतं, त्यातलं किती गेलं कुणास ठाऊक. ऑइलशिवाय पिस्टन सिलिंडरला धरतो, गाडी सीझ होते. आणि ऐंशीच्या वेगात मागचं चाक जाम झालं तर... तिथे रस्त्याच्या कडेला मी पहिल्यांदा खरोखर घाबरलो. टायर फडक्याने पुसला, गाडी ढकलत गॅरेजपर्यंत नेली, ऑइल ओतलं आणि उरलेला रस्ता चाळीसने, दर दहा किलोमीटरला थांबून काडी बघत घरी आलो.

सकाळी उठलो तर आण्णांनी गाडीखाली कालचा पेपर पसरला होता. त्यावर रुपयाएवढे सात-आठ थेंब. आण्णा पेपर हातात घेऊन ओसरीवर बसले होते, बातमी वाचावी तसे.

"बोल," म्हणाले.

ऑइल बदलल्याचं सांगितलं. पंचाण्णवचं सांगितलं नाही. "फिल्टर?" त्यांनी विचारलं. मी गप्प. फिल्टर आम्ही विसरलोच होतो! "म्हंजी अंघोळ केलीस आन् घामट बनियन परत घातलंस." त्यांनी तीन बोल्ट काढले, फिल्टर बाहेर काढला, ब्लेडने त्याचा कागद कापून घडी-घडीने पांढऱ्या ताटलीत पसरला. उन्हात धरला. मी पुरावा गटारात ओतला होता, पण त्याची एक प्रत फिल्टरने ठेवली होती. काळ्या कागदावर रांगोळीत टाकतात तसली चमकी.

मी सगळं सांगून टाकलं. उंब्रज, कराड, पेठ नाका, पंचाण्णव.

आण्णांनी लोहचुंबक फिरवलं. काही चमकी त्याला चिकटली, काही तशीच राहिली. "चिकटलं ते लोखंड, सिलिंडरचं, गिअरचं. ऱ्हायलं ते अ‍ॅल्युमिनियम." मग चिमटीत घेऊन बोटांवर चोळलं. "पीठ हाय. कण न्हाई. टोचत न्हाई. नव्या गाडीत येवढं निघतंच, लेका. सावकाश चालवली असतीस तरी निघालं असतं."

"मग पंचाण्णवचं?"

"ते यात दिसत न्हाई. ते तू आत्ता सांगितलंस म्हनून कळलं."

मी काय बोलणार? आण्णा हसले नाहीत. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, जुनं ऑइल कुठे टाकलंस. गटारात, म्हणालो. आणि तेव्हा ते चिडले, तसे चिडलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. "सांगलीत प्यायला पानी कुठलं येतं?" "कृष्णेचं." "आन् माहुलीवरनं खाली जाती ती कुठली?" मी मान खाली घातली. "आमी वरच्या अंगाला इतकी वर्षं हात काळे केले, पर डबा गॅरेजला नेऊन दिला. तू खाली बसून पितोस त्यातच ओतलंस?"

त्यांच्या प्रियाला इंजिनमधून काढायला ऑइलच नसायचं, ते पेट्रोलमध्ये मिसळून धुरातून जायचं. पण गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं, ते काढलं की डब्यात. तो डबा आमच्या परसात मी लहानपणापासून बघत आलोय. तो कशाचा, हे कधी विचारलं नव्हतं.

एमआयडीसीतल्या एका टर्नरने नवे आटे पाडून आत हेलिकॉइल बसवली. तिथेच 'आटे' हा शब्द शिकलो. स्टीलची ती बारीक स्प्रिंग जुन्या आट्यांपेक्षा मजबूत असते म्हणे. खर्च माझ्या दिवाळीच्या पैशातून. टॅप मारताना पडलेला कीस धुऊन काढला आणि सर्व्हिस सेंटरला जाऊन नवं ऑइल, नवा फिल्टर घातला. आण्णा मेकॅनिकच्या शेजारी उभे होते. बोल्टवर टॉर्क पाना 'टक्' वाजला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं.

घरी येऊन त्यांनी डायरीचं पान काढलं आणि दोन ओळी लिहिल्या. '४८० कि.मी. पहिले ऑइल बदलले, सांगली. पाहिले नाही.' खाली, '६१२ कि.मी. दुसरे ऑइल, फिल्टर. पाहिले.' पहिल्या ओळीतलं 'पाहिले नाही' खोडा म्हणून मी दोनदा सांगून पाहिलं. नाही खोडलं.

"पप्पांना सांगणार का?" मी विचारलं. "गाडी त्यांनी घेतली, घालवत हुतास तू. मी कशाला मधी?" म्हणाले आणि डायरी कपाटात ठेवली.

पप्पांना मी अजून सांगितलेलं नाही. आपल्या मासिकाचा अंक दरवर्षी पोस्टाने घरी जातो, आणि पप्पा इंग्रजी विभाग सोडून मराठी विभाग पहिल्या पानापासून वाचतात. अंक छापायला जायला अजून दहा दिवस आहेत, असं संपादक म्हणतात. त्याआधी शनिवारी एकदा साताऱ्याला जाऊन येतो. तासगाव, विटा, पुसेसावळी, औंध, रहिमतपूर असा.