बोटं सुजली, तर दात कशाला बघता?

संधिवाताच्या डॉक्टरांनी ‘आ करा’ म्हटलं तेव्हा मला वाटलं, त्यांच्या हातातला केसपेपर दुसऱ्या कुणाचा तरी असणार. माझं दुखणं बोटांचं. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत पॅकिंगला आहे मी. सकाळी तासभर मूठ वळत नाही, आणि हे विचारतायत, ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं का? येतं की. कुणाच्या येत नाही?

त्यांनी रक्ताच्या तपासण्या लिहिल्या आणि वर दातांच्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. मी मनाशी ठरवून टाकलं, मागची किडकी दाढच या सगळ्याच्या मुळाशी आहे. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “दाढ भरू, पण संशय तिच्यावर नाही, हिरड्यांवर आहे.” बारीक सळई दात आणि हिरडीच्या फटीत घालून त्या आकडे बोलत होत्या, शेजारची मुलगी लिहून घेत होती. तीन, तीन, पाच, सहा. मिलिमीटर! तीनपर्यंत ठीक, त्यापुढे हिरडी दातापासून सुटलेली आणि त्या फटीत जंतूंची वस्ती.

त्यातल्या एकाचं नाव पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस. हा आपल्या एन्झाइमने प्रथिनांतल्या आर्जिनिनचं सिट्रुलिन करतो. मग शरीराला आपलीच प्रथिनं परकी वाटू लागतात आणि त्यांच्यावर अँटिबॉडी सोडल्या जातात, असा अंदाज आहे. माझी ‘अँटी-सीसीपी’ तपासणी त्याच अँटिबॉडींसाठी होती. सांधे धरण्याच्या कित्येक वर्षं आधीपासून त्या रक्तात असू शकतात. पण हिरड्यांमुळेच आमवात, म्हणजे हा असा संधिवात, होतो, असं छातीठोकपणे कुणी सांगत नाही. बोटं आखडली की ब्रश नीट होत नाही, मग हिरड्या बिघडणारच! आधी काय झालं, कसं कळायचं?

त्यात आणखी एक उलटी गंगा. श्योग्रेन नावाच्या आजारात शरीर स्वतःच्याच लाळग्रंथींवर उठतं, तोंड कोरडं पडतं आणि त्यामुळे दात किडतात. म्हणजे तिथे आधी आजार, मग कीड. माझं डोकं तिथेच थांबलं.

सासूबाईंचा तोडगा सोपा होता : “अगो, सगळे दात काढून टाक, सुटशील.” हे दातांच्या बाईंना सांगितलं तर त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, असं खरंच घडलंय. १९१० साली विल्यम हंटर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने तोंडातल्या पूवर अनेक आजारांचं खापर फोडलं आणि पुढे कित्येक वर्षं संधिवाताच्या रोग्यांचे धडधाकट दातसुद्धा उपटले गेले. सांधे काही बरे झाले नाहीत, माणसं बोळकी झाली.

माझी तपासणी पॉझिटिव्ह आली. मेथोट्रेक्सेट हे औषध सुरू झालंय, आठवड्यातून एकदाच घ्यायचं, रोज नाही, हे डॉक्टरांनी लाल पेनाने लिहून दिलंय. हिरड्यांची खोल सफाई चालू आहे. रक्त कमी झालं, मूठ अजून कुरकुरते. पुढच्या खेपेला सासूबाईंनाही नेणार आहे. मशेरी सोडायला त्या तयार नाहीत, पण हिरड्या मोजून घ्यायला मात्र एका पायावर तयार आहेत.