फोटो काढण्यास मनाई आहे

जानेवारी २०२५ मधली गोष्ट. आमच्या उर्दू शाळेच्या नववीच्या मुलांना घेऊन आम्ही तारापूरच्या बाजूला समुद्र दाखवायला गेलो होतो. आम्ही स्वतः दातिवऱ्याचे. वैतरणेच्या मुखाशी आमचे गाव, पलीकडे अर्नाळ्याचा किल्ला. त्यामुळे समुद्राचे आम्हांला अप्रूप नाही. पण बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत, कारखान्यांच्या धुरात वाढलेल्या आमच्या विद्यार्थ्यांना ते असते. त्यांच्यातली निम्मी मुले उत्तर प्रदेश-बिहारहून पोटासाठी आलेल्या मजुरांची. समुद्र दहा-बारा किलोमीटरवर, आणि तो न पाहताच वय चौदा झालेले!

रस्त्याच्या कडेला एक फलक होता. ‘प्रतिबंधित क्षेत्र. फोटो काढण्यास सक्त मनाई आहे.’ मुलेच ती. नेमकी त्याच फलकाखाली ओळीने उभी राहिली आणि आम्हीही गमतीने मोबाईल वर केला. लगेच गणवेशातला एक माणूस चालत आला. आवाज न चढवता म्हणाला, “मास्टरजी, ये वाला डिलीट कर दीजिए.” आम्ही केला. त्याने नाव विचारले, आम्ही सांगितले. त्याने मान डोलावली आणि तो परत आपल्या जागी गेला. बस, एवढेच घडले. त्या माणसाने आपले काम केले, तेही अदबीने. त्याच्याविषयी आमची काहीही तक्रार नाही.

खरी गोष्ट पुढे आहे. परतीच्या गाडीत बसल्यावर आम्ही दिवसभराचे सगळे फोटो पुसून टाकले. डबा खाणाऱ्या मुलांचे, वाळूत नाव लिहिणाऱ्यांचे, सगळे. त्यांत एका मुलीचा फोटो होता. आयुष्यात पहिल्यांदा लाट पायावर आली तेव्हा ती ओढणी सावरत किंचाळून हसली होती. तो फोटो पुसायला आम्हांला कोणी सांगितले नव्हते. नाव सांगताना आमच्या मनात जे काही आले, त्याने तो पुसला. त्या मुलीने पुढे दोनदा विचारले, “सर, मेरा फोटो?” आम्ही म्हणालो, मोबाईल बिघडला. शिक्षक असून खोटे बोललो.

त्या दिवसापासून हा फलक डोक्यात बसला आहे. कोणता फोटो काढू नये, का काढू नये आणि हे कोणी ठरवायचे?

आम्ही इतिहास-भूगोल शिकवतो, म्हणून आधी फलकाची बाजू मांडतो. तारापूरचे अणुऊर्जा केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले, ते देशातले पहिले. अशा जागांसाठी आपल्याकडे शासकीय गुपिते अधिनियम आहे, तो १९२३ चा, म्हणजे इंग्रजांच्या काळातला. त्यात ‘प्रतिबंधित जागा’ सांगितल्या आहेत. शत्रूला नकाशा मिळू नये हा त्यामागचा हेतू. यात गैर काही नाही. आमचे अब्बा १९७१ च्या लढाईची आठवण सांगतात. ते तेव्हा अकरा वर्षांचे होते. संध्याकाळ झाली की कंदिलाला काळा कागद लावायचा आणि दाराच्या फटीत गोणपाट कोंबायचे. दादी म्हणायच्या, “रोशनी बाहेर गई तो मौत अंदर आएगी.” किनाऱ्यावरच्या माणसाला अंधाराची गरज समजावून सांगावी लागत नाही.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीनंतर तर आमच्या किनाऱ्याचे सगळेच बदलले. हल्लेखोर समुद्रातून आले होते, एका मच्छीमार नौकेचा ताबा घेऊन. त्यानंतर नौकांची नोंदणी, खलाशांना ओळखपत्रे, बंदरावर चौकशी, हे सारे किनाऱ्यावरच्या लोकांच्या रोजच्या जगण्याचा भाग झाले.

त्या रात्रीची दोन चित्रे आम्ही मुलांना नेहमी सांगतो. पहिले सेबॅस्टियन डिसूझा यांचे. ते ‘मुंबई मिरर’चे छायाचित्रकार. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार सुरू असताना ते कॅमेरे घेऊन आत गेले, आणि बंदूक हातात घेतलेल्या कसाबचे छायाचित्र त्यांनी काढले. पुढे खटल्यात त्यांची छायाचित्रे पुरावा म्हणून आली, त्यांनी स्वतः साक्षही दिली. दुसरे चित्र टीव्हीवरचे. नरीमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून कमांडो उतरत होते आणि वाहिन्या ते जसेच्या तसे सगळ्या जगाला दाखवत होत्या. हल्लेखोरांचे सूत्रधार पलीकडे टीव्ही पाहून फोनवर सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात वाहिन्यांच्या या वागण्यावर कडक ताशेरे ओढले.

एकाच हल्ल्यातली ही दोन चित्रे. एकाने गुन्हेगार ओळखला गेला, दुसऱ्याने जवानांचा जीव धोक्यात आला. म्हणजे प्रश्न कॅमेऱ्याचा नाही. प्रश्न असा की पडदा टाकला तर त्यामागे कोणाचा जीव वाचतो? जवानाचा वाचत असेल, ओलिसाचा वाचत असेल, तर पडदा हवाच. पण पडद्यामागे फक्त कोणाची तरी चूक किंवा जुलूम लपत असेल तर?

हा प्रश्न जगभर विचारला गेला आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्या मेलेल्या सैनिकांची छायाचित्रे सप्टेंबर १९४३ पर्यंत लोकांना दाखवूच दिली नाहीत. त्याच वर्षी आपल्याकडे बंगालमध्ये माणसे भुकेने रस्त्यावर मरत होती आणि युद्धाच्या नावाखाली बातम्या दाबल्या जात होत्या. कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’ने २२ ऑगस्ट १९४३ रोजी त्या भुकेल्यांची छायाचित्रे छापली, तेव्हा कुठे दुष्काळ झाकणे सरकारला अवघड झाले. १९७१ मध्ये किशोर पारेख कोणत्याही वृत्तपत्राने पाठवले नसताना, स्वतःच्या हिमतीवर बांगलादेशात पोहोचले. थोड्याच दिवसांत काढलेल्या त्यांच्या छायाचित्रांचे पुस्तक पुढच्या वर्षी निघाले. अब्बा दाराच्या फटी बुजवत होते त्याच दिवसांत दुसरीकडे एक माणूस अंधारातून उजेड बाहेर आणत होता. आम्हांला दोघेही बरोबर वाटतात.

व्हिएतनामच्या लढाईत छायाचित्रकार बऱ्यापैकी मोकळे फिरले आणि त्यांच्या चित्रांनी अमेरिकेतल्या घराघरांत युद्ध नेले. हा धडा लोकांपेक्षा सैन्यांनी चांगला गिरवला. १९८२ च्या फॉकलंडच्या युद्धात ब्रिटिश आरमाराबरोबर फक्त दोन वृत्तछायाचित्रकार जाऊ शकले. १९८३ मध्ये अमेरिकेने ग्रेनाडावर हल्ला केला तेव्हा सुरुवातीला पत्रकारांना बेटावर येऊच दिले नाही. १९९१ च्या आखाती युद्धात ठरावीक पत्रकारांचे गट करून, सोबत लष्करी अधिकारी देऊन, ठरावीक जागाच दाखवल्या गेल्या. त्याच वर्षापासून २००९ पर्यंत डोव्हरच्या तळावर उतरणाऱ्या सैनिकांच्या शवपेट्यांचे फोटो काढायलाही बंदी होती. त्या शवपेट्यांमधून शत्रूला कोणता नकाशा मिळणार होता?

इराकमध्ये तर छायाचित्रकारच कैदेत गेला. बिलाल हुसैन हे असोसिएटेड प्रेसचे इराकी छायाचित्रकार. २००५ मध्ये पुलित्झर मिळवणाऱ्या त्यांच्या चमूत ते होते. एप्रिल २००६ मध्ये अमेरिकी सैन्याने त्यांना पकडले आणि एप्रिल २००८ मध्ये सोडले. दोन वर्षे गेली, गुन्हा शाबीत झाला नाही. आणि गाझा! ऑक्टोबर २०२३ नंतर दोन वर्षांहून अधिक काळ इस्रायलने बाहेरच्या पत्रकारांना तिथे स्वतंत्रपणे जाऊ दिले नाही. जायचे तर सैन्यासोबत, आणि चित्रे आधी त्यांना दाखवून. मग जगाला जे दिसले ते तिथल्याच माणसांनी दाखवले. मोहम्मद सालेम या रॉयटर्सच्या छायाचित्रकाराने खान युनिसच्या रुग्णालयात एक बाई पाहिली. कफनात गुंडाळलेल्या पाच वर्षांच्या भाचीला ती छातीशी घट्ट धरून बसली होती. त्या छायाचित्राला २०२४ चा वर्ल्ड प्रेस फोटो पुरस्कार मिळाला. त्या चित्रात बाईचा चेहरा दिसत नाही, मुलीचाही नाही. ते दाखवणारे कितीतरी पत्रकार पुढे त्याच मातीत गेले. तिथे मारल्या गेलेल्या पत्रकारांची नोंद दीडशेच्या कितीतरी पुढे गेली आहे.

इतके लांब कशाला जायचे? मे २०२५ मध्ये युद्ध आमच्याच दारापर्यंत आले होते. पहलगामच्या हत्याकांडानंतर २६ एप्रिल रोजी केंद्र सरकारने वाहिन्यांना सूचना दिली, की लष्करी हालचालींचे थेट चित्रण करू नये. त्यात कारगिल, कंदाहार आणि मुंबई या तिन्हींचा दाखला होता. ही सूचना आम्हांला पटली. ७ मे रोजी देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली. महाराष्ट्रात मुंबई आणि उरणबरोबर तारापूर पहिल्या वर्गात होते. शाळेला सुट्टी होती. आम्ही दातिवऱ्याला घरीच होतो. अब्बा अंगणात खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, “कंदील तर आता घरात नाही, पण काळा कागद आणून ठेव.”

त्या रात्री आणि त्यानंतरच्या रात्री आम्ही टीव्ही पाहिला. थेट चित्रण नव्हते, पण पडदा रिकामाही नव्हता. काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे सांगून टाकले. तसे काही झाले नव्हते. जुनी चित्रे आणि व्हिडिओ गेममधली दृश्ये युद्ध म्हणून फिरत होती. खरा कॅमेरा थांबला होता, खोटा धावत होता.

आणि मग तो फोटो आला. ७ मे रोजी सीमेपलीकडून झालेल्या तोफमाऱ्यात पूंछच्या एका मदरशातले शिक्षक मारले गेले. दाढी, टोपी, साधा चेहरा. काही राष्ट्रीय वाहिन्यांनी तो फोटो दाखवला आणि दहशतवादी मारला गेला असे सांगितले. पूंछच्या पोलिसांनी निवेदन काढून हे साफ खोटे असल्याचे म्हटले. पुढे जूनमध्ये तिथल्या न्यायालयाने याप्रकरणी गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. पण त्या रात्री आमच्या घरात कोणी काही बोलले नाही. अब्बांनी टीव्ही बंद केला. आम्ही स्वतः शिक्षक. आमचाही एक ओळखपत्राचा फोटो आहे, कुठल्याही फोटोसारखा. त्याखाली कोण काय लिहील हे आमच्या हातात नाही, हे त्या रात्री कळले.

फोटो काढू न देण्याइतकाच हाही धोका मोठा आहे. खऱ्या चित्राची जागा मोकळी ठेवली की तिथे कोणीतरी आपल्या सोयीचे चित्र आणून लावतो. म्हणून मर्यादा पाळणारा, पण जागेवर असणारा, स्वतःच्या नावानिशी फोटो काढणारा माणूस हवा. दानिश सिद्दीकी असा माणूस होता. त्याने रॉयटर्समधली उमेदवारी मुंबईत केली. १६ जुलै २०२१ रोजी अफगाणिस्तानात स्पिन बोल्दकला तो मारला गेला. अल्लाह त्याला जन्नत नसीब करो. त्याच्या चित्राखाली काय लिहायचे हे त्याला माहीत होते, कारण तो तिथे होता.

जाता जाता १९९१ च्या युद्धातली आणखी एक हकिकत. केन जॅरेकी या अमेरिकी छायाचित्रकाराने गाडीतच जळून कोळसा झालेल्या एका इराकी सैनिकाचा फोटो काढला. सोबत लष्करी अधिकारी होता, त्याने अडवले नाही. फोटो अडला तो अमेरिकेतल्या संपादकांच्या टेबलावर. लोकांना सहन होणार नाही असे त्यांनीच ठरवले. लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ने मात्र तो छापला. हे वाचले तेव्हा आम्हांला परतीची ती गाडी आठवली. गणवेशातल्या माणसाने एकच फोटो मागितला होता. बाकीचे आमच्याच अंगठ्याने गेले.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्याच आठवड्यात, आता दहावीत गेलेल्या त्या मुलीला आम्ही वर्गासमोर खरे सांगितले. मोबाईल बिघडला नव्हता. फोटो कोणी पुसायला लावला नव्हता. आम्ही घाबरलो होतो. वर्ग शांत झाला. कोणीतरी विचारले, “सर, डर किसका?” याचे उत्तर पाठ्यपुस्तकात नाही, आणि आम्हांलाही नीट देता आले नाही. आम्ही एवढेच म्हणालो, की फलक असेल तिथे मोबाईल खिशात ठेवायचा आणि फलक नसेल तिथे मनातला फलक काढून टाकायचा.

मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “कोई बात नहीं सर. फिर से ले चलिए, फिर से ले लीजिए.”

ते तिला शक्य आहे. समुद्र जागेवर आहे, तीही आहे, अल्हम्दुलिल्लाह. पावसाळा सरल्यावर आम्ही त्या वर्गाला दातिवऱ्याला आणले. बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांपलीकडे ओली वाळू होती आणि फलक कुठेच नव्हता. लाट आली, ती पुन्हा ओढणी सावरत किंचाळली. आम्ही फोटो काढला. त्याची एक प्रत तिच्या घरी दिली आणि एक आमच्या वर्गाच्या भिंतीवर लावली. खाली तिचे नाव, गावाचे नाव आणि तारीख आमच्याच हाताने लिहिली.