वहीचे ऋण

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या शाळेत काही पाहुणे आले. परदेशातील एका विद्यापीठाचे चार विद्यार्थी आणि त्यांच्या सोबतीला आपल्याकडील एका विद्यापीठाचे तिघे. बदलते हवामान आणि ग्रामीण भागातील पाणी हा त्यांच्या संयुक्त अभ्यासाचा विषय. मुले मोठी गुणी होती. आठ दिवस ती उन्हातान्हात हिंडली, विहिरींची खोली मोजली, बांधावर बसून शेतकऱ्यांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या. निघण्याच्या दिवशी मी आभाराचे चार शब्द बोललो आणि सभा संपणार, एवढ्यात आठवीतील एक मुलगी उभी राहिली.

"सर, आमच्या विहिरीचं त्यांनी काय लिहिलं, ते आम्हाला कधी कळणार?"

दुभाष्याने प्रश्न समजावून सांगितला. पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले. मुख्याध्यापक या नात्याने मी काहीतरी सारवासारव करावयास हवी होती; पण माझीही जीभ रेटेना. कारण तो प्रश्न मला फार जुना होता.

तीस वर्षांपूर्वी एम. ए.च्या लघुप्रबंधासाठी मी पैनगंगेकाठच्या एका खेड्यात जात्यावरच्या ओव्या गोळा करीत होतो. एका वृद्धेने मला सलग तीन पहाटे ओव्या सांगितल्या. दळण संपले तरी ती रिकामे जाते फिरवीत राहिली. म्हणे, जाते थांबले की ओवी आठवत नाही. चौथ्या दिवशी निरोप घेताना तिने विचारले, "बाबू, माहं नाव लिवलं का रे त्यात? छापून आलं का दाखवजो." मी होकार दिला. प्रबंधास चांगले गुण मिळाले, नोकरी मिळाली, संसार सुरू झाला. त्या गावाकडे मी पुन्हा फिरकलो नाही. पुढे ती गेल्याचे कानी आले, तेव्हा हळहळ वाटली, पण तेवढीच.

आपल्या या जिल्ह्यात असा अभ्यास करून गेलेल्या सर्वांत मोठ्या माणसाचे चरित्र मी नंतर वाचले आणि माझी मलाच लाज वाटली. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते भारतात होते. पारपत्र जर्मन असल्यामुळे ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले आणि त्यांना निजामाच्या राज्यात राहावे लागले. 1940 साली जोडेघाटच्या डोंगरात कुमराम भीम मारले गेले. जमीन आणि जंगल हिरावले गेल्याने गोंड समाजात एवढा असंतोष का माजला, याचा शोध घेण्याचे काम निजाम सरकारने हायमेनडॉर्फ यांच्यावर सोपविले. ते आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ मारलवाई या गोंड खेड्यात कुडाच्या घरात राहिले. ते गोंडी शिकले. 1948 साली त्यांचा आदिलाबादच्या राजगोंडांवरील ग्रंथ निघाला. परंतु ग्रंथ निघण्याची वाट त्यांनी पाहिली नव्हती. तत्पूर्वीच, 1943 साली, मारलवाईस गोंड तरुणांना शिक्षक करण्याचे केंद्र सुरू झाले होते आणि गोंड शेतकऱ्यांना जमिनीचे पट्टे मिळावेत म्हणून त्यांनी सरकारकडे अहवालांमागून अहवाल पाठविले होते.

मराठी वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. त्या शाळांसाठी गोंडी भाषेची जी क्रमिक पुस्तके तयार झाली, ती देवनागरी लिपीत होती. कारण या डोंगरात ज्या थोड्यांना अक्षरओळख होती, ती मराठीमुळे. आपले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी हे त्या काळी हैदराबाद संस्थानाचे अधिकारी. त्यांनीही गोंडी आत्मसात केली आणि तिचे व्याकरण लिहिले. अधिकाऱ्याने रयतेची भाषा शिकावी, ही गोष्ट तेव्हाही विरळ होती आणि आजही आहे.

हायमेनडॉर्फ पुढे लंडन विद्यापीठाच्या प्राच्यविद्या संस्थेत प्राध्यापक झाले. 1976 साली निवृत्त झाल्यावर ते पुन्हा या डोंगरात आले. तीस वर्षांपूर्वी मिळालेल्या पट्ट्यांच्या जमिनींचे काय झाले, हे त्यांना पाहावयाचे होते. उत्तर सुखाचे नव्हते. पुष्कळ जमिनी बाहेरून आलेल्यांच्या हाती गेल्या होत्या. या आलेल्यांत आपली मराठी बोलणारी मंडळीही होती, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. 1982 साली निघालेल्या त्यांच्या ग्रंथात हे सारे आले आहे. त्यांच्या संस्थेतून येथे अभ्यासास आलेले मायकेल यॉर्क आणि आपल्याकडील जयप्रकाश राव यांचेही लेखन त्यात समाविष्ट आहे. दोन देशांतील विद्वानांनी एकत्र काम करावे ते कशासाठी, याचे मला हे उत्तम उदाहरण वाटते. आपले जुने यश टिकले नाही, हे स्वतःच्याच ग्रंथात नोंदविण्यास मन मोठे लागते. आणि ते कळण्यासाठी मुळात परत यावे लागते.

एलिझाबेथबाई 1987 साली हैदराबादेस वारल्या. त्यांना मारलवाईत पुरले. हायमेनडॉर्फ 1995 साली लंडनला निवर्तले आणि 2012 साली त्यांच्या अस्थी मारलवाईत पत्नीच्या शेजारी विसावल्या. गोंडांनी त्यांना आपले मानले, ते केवळ ग्रंथासाठी नव्हे.

पाहुणे गेल्यावर त्याच आठवड्यात मी पेटीतून माझा लघुप्रबंध काढला आणि त्या गावी गेलो. घर तेच होते. जाते अंगणाच्या कोपऱ्यात पालथे पडले होते. त्या वृद्धेची सून आता स्वतःच आजी झाली होती. मी ओव्या वाचीत गेलो आणि ती डोळे मिटून ऐकत राहिली. एका ओवीशी तिने मला थांबविले. "सासूबाई असं नव्हत्या म्हणत," असे सांगून तिने योग्य शब्द सांगितला. परीक्षकांच्याही नजरेतून सुटलेली माझी चूक निरक्षर सुनेने क्षणात दाखवून दिली. मी तिथेच लेखणी काढून ती दुरुस्त केली. मग तिने पहिले पान उघडावयास लावले. ऋणनिर्देशात माझ्या गुरुजनांची नावे होती, ग्रंथपालाचे होते, टंकलेखकाचेही होते. सासूचे नव्हते. "गावातील एक वृद्ध स्त्री" एवढेच होते. नातवाने ते मोठ्याने वाचले. सून काही बोलली नाही. चहा ठेवावयास आत गेली. मी त्या ओळीच्या वर तिच्या सासूचे संपूर्ण नाव लिहिले आणि ती प्रत त्या घरी ठेवून आलो.

परत आल्यावर मी पाहुण्या विद्यार्थ्यांना पत्र लिहिले. रागाने नव्हे, स्वतःची हकीकत सांगून लिहिले. दिवाळीनंतर त्यांच्याकडून दोन पानांचे टिपण आले. कोणत्या विहिरीला किती हात पाणी, याचा तक्ताही त्यात होता. आम्ही त्याचे मराठीत भाषांतर केले आणि ते शाळेच्या फलकावर लावले. ती आठवीतील मुलगी मधल्या सुटीत बराच वेळ त्यासमोर उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती वडिलांना घेऊन आली. फलकासमोर उभे राहून तिने तक्त्यातील त्यांच्या विहिरीवर बोट ठेवले आणि वडिलांना तो आकडा वाचून दाखविला.