पन्नासच्या चालीनं

कॉन्ट्रा हा व्हिडिओ गेम जन्मला तो पेटीत. 1987 साली कोनामी या जपानी कंपनीनं तो आर्केडसाठी काढला. माणसाच्या उंचीची पेटी, उभा पडदा, खाली दांडा आणि बटणं. नाणं टाकायचं आणि मरायचं. पुढच्याच वर्षी तो निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या घरगुती यंत्रावर घराघरांत आला आणि पेटीपेक्षा घरातच जास्त गाजला. आता माझ्या घरात मी बनवून घेतलेली एक पेटी उभी आहे, आणि तिच्यात मी खेळतो तो मात्र हा घरगुती कॉन्ट्रा. लेक माहेरी आली, पण नेसून आली सासरचीच साडी.

पेटी साध्या अठरा मिलिमीटरच्या प्लायची. सुतारानं नकाशा पाहून बटणांच्या फळीवर बोट ठेवलं. "साहेब, एवढा उतार कशाला? वस्तू घरंगळतील की." वस्तू ठेवायच्याच नाहीत, मनगटं टेकवायची आहेत, हे त्याला पटेपर्यंत चहा गार झाला. दांडे आणि बटणं पुण्याच्या बुधवार पेठेतून, पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून आणली. दांडा उलटा करून पाहिला तर आत सगळं उघडंवाघडं: चार बाजूंना चार छोटे स्विच. दांडा उजवीकडे कलला की एक दाबला जातो, तिरका कलला की शेजारचे दोन एकदम. प्रत्येक स्विचची स्वतःची टिकटिक. घरगुती यंत्राच्या रबरी बटणांना हा आवाज कधीच नव्हता. तोच कॉन्ट्रा, पण आता त्याला ठेका आला.

पेटीचा मेंदू म्हणजे रास्पबेरी पाय, पत्त्यांच्या कॅटमधल्या एका पानाएवढा संगणक. त्यावर इम्युलेटर चालतो. इम्युलेटर हा एक अजब नोकर आहे. त्याच्याकडे ताकद उदंड, पण काम असं की धन्याच्या प्रत्येक दुबळेपणाची हुबेहूब नक्कल करायची. 1983 च्या फॅमिकॉमची चालती स्मृती अवघी 2 किलोबाइटची. पडद्याच्या एका आडव्या रेघेवर आठांपेक्षा जास्त हलती चित्रं त्याला दाखवता येत नसत. गर्दी झाली की सैनिक, गोळ्या आळीपाळीनं लुकलुकायला लागत. इम्युलेटरमध्ये ही लुकलुक घालवायची सोय आहे. मी ती बंद ठेवली आहे. गोळ्यांच्या पावसात निम्म्या गोळ्या दिसेनाशा होतात, त्याच क्षणी छातीत धडधडतं. सगळं लख्ख दिसायला लागलं तर राहिलं काय?

पण खरी गंमत वेगळीच निघाली. पहिल्यांदा खेळ सुरू केला तेव्हा काहीतरी खटकलं. गडी भराभर पळत होता, उडी मारेपर्यंत खाली येत होता. संगीतही घाईत. सूर तेच, पण विलंबितात ऐकलेला ख्याल कुणी एकदम द्रुतात घ्यावा तसं. माझी बोटं प्रत्येक खड्ड्याच्या काठावर चुकत होती, आणि बोटांची स्मृती सहसा चुकत नाही.

कारण आपल्या लहानपणच्या टीव्हीत होतं. जपान-अमेरिकेतला टीव्ही सेकंदाला साठ चित्रं उमटवायचा आणि फॅमिकॉमचे खेळ त्या साठच्या मापानं बेतलेले. आपल्याकडची पद्धत पाल, सेकंदाला पन्नास. आपल्या बाजारात आलेली यंत्रंही मूळ फॅमिकॉम क्वचितच. बहुतेक त्याच्या नकला, पालच्या टीव्हीसाठी जुळवून घेतलेल्या. ध्वनी काढणाऱ्या चिपचा वेग जवळपास तोच ठेवलेला, म्हणून सूर बदलत नसत. चित्रं मात्र पन्नास, म्हणून सगळा खेळच सहाव्या हिश्शानं संथ. रशियात नव्वदच्या दशकात असलंच एक नकली यंत्र डेंडी नावानं घरोघरी पोचलं होतं. त्यामुळे काही इम्युलेटरांत आजही डेंडी नावाचा पर्याय सापडतो. तो निवडला आणि बोटं ताळ्यावर आली.

शुद्धतावादी म्हणतात, खेळ त्याच्या मूळ रूपातच खेळावा. बरोबर आहे. पण आमचं मूळ कोणतं? यंत्र नकली, कॅसेट नकली. कॅसेटवर छापलेलं असायचं 9999999 इन 1, आणि आत मोजकेच खेळ, नावं बदलून पुन्हा पुन्हा तेच. त्या नकलेचीही आता मी नक्कल खेळतोय. तरीही मला साठचा अस्सल कॉन्ट्रा परका वाटतो. तो कुणा जपानी किंवा अमेरिकन पोराच्या सुट्टीतला आहे. माझी मे महिन्याची सुट्टी पन्नासच्या चालीनं गेली. (कायद्याचं म्हणाल तर खेळाचे हक्क कोनामीचेच आहेत, आणि 2019 मध्ये कंपनीनं जुन्या कॉन्ट्रांचा संच पुन्हा विक्रीला काढला. रीतसर हवा त्यानं तो घ्यावा.)

माझा भाचा या भानगडीत पडत नाही. त्याला धबधब्याची तिसरी फेरी आवडते. तिथे वर चढायचं असतं आणि पडदा पुढच्या गड्याबरोबर वर सरकतो. मागचा खाली राहिला की मेला. सोफ्यावर बसून हे खेळणं आणि पेटीसमोर खांद्याला खांदा लावून खेळणं यात फार फरक आहे. इथे ढकलाढकली खरी होते. "मामा, थांब ना! मी मरतोय!" मी थांबत नाही. मग तो हळूच खेळ जतन करायचं बटण दाबतो. मेला की पुन्हा तिथूनच उगवतो. हे मला अजिबात मान्य नाही. कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतोनं 1986 मध्ये ग्रेडियस तपासताना स्वतःलाच तो खेळ जमेना म्हणून एक गुप्त कळ ठेवली. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. कॉन्ट्रात तिनं तीस जीव मिळतात. तीस जीव संपतात तरी. जतन केलेला जीव संपतच नाही.

तुमच्या माळ्यावर तसली एखादी पिवळी कॅसेट पडली असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. आतली चिप वाचून तिची प्रत काढणारी साधनं आता मिळतात, आणि असल्या कित्येक नकली कॅसेटींची प्रत अजून कुणी काढलेली नाही.