आमची टीम सध्या दिल्लीत असते

कोथरूडात प्रत्येक बिल्डिंगमध्ये एक तरी घर असं असतं, जिथला मुलगा "सध्या अमेरिकेत असतो". आमच्या फुटबॉल टीमचंही साधारण तसंच झालंय. ती सध्या दिल्लीत असते. त्याआधी सहा वर्षं हैदराबादला होती. आणि त्याच्याही आधी, म्हणजे २०१४ ते २०१९, इथे बालेवाडीला. फरक एवढाच, की अमेरिकेतला मुलगा गणपतीत निदान व्हिडिओ कॉल तरी करतो.

जरा उलगडून सांगतो. इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हाच्या आठ संघांपैकी एक होता एफसी पुणे सिटी. मालक वाधवान समूह आणि हृतिक रोशन. मैदान म्हाळुंगे-बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडा संकुल. २०१९ मध्ये आर्थिक अडचणींमुळे क्लब बंद झाला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. कोच फिल ब्राउन आणि बरेचसे खेळाडू सामानासकट तिकडे गेले. मग ऑक्टोबर २०२५ मध्ये हैदराबादचं बिऱ्हाडही हललं, आणि दिल्लीला जाऊन त्याचं नाव झालं स्पोर्टिंग क्लब दिल्ली.

तर आता कुणी विचारलं, की "तू पुण्याचा, मग तुझी टीम कुठली?", तर काय सांगायचं? एक पर्याय मुंबई सिटी. चांगली टीम आहे, दोनदा आयएसएल जिंकलीये. पण कोथरूडात राहून मुंबईला सपोर्ट करायचा म्हणजे... असो. दुसरा पर्याय रात्री दीडला गजर लावून युरोपातली टीम बघणं. तो बहुतेकांनी कधीच निवडलाय. आमच्या इथल्या कुठल्याही टर्फवर संध्याकाळी जा, मेस्सी आणि रोनाल्डो डझनाने सापडतील. केशरी जर्सी एक नाही. तिसरा पर्याय म्हणजे बंद पडलेल्या टीमला धरून राहणं. मी हा तिसरा आहे. त्यामुळे बाकीचे फॅन सीझनच्या आधी करतात तेच मी करणार आहे: टीमच्या खेळाडूंची यादी घेऊन बसणार आणि मतं देणार. टीम नाहीये ही किरकोळ अडचण आहे :-)

आधी आमची पहिली तीन वर्षं बघा. २०१४ ला आला डेव्हिड ट्रेझेगे. २००० च्या युरो फायनलमध्ये गोल्डन गोल मारणारा, फ्रान्सचा विश्वविजेता! सोबत २००४ चा युरो जिंकलेला ग्रीसचा कात्सुरानिस. नावं वाचूनच अंगावर काटा यायचा. पण ट्रेझेगे त्या सीझनमध्ये ३७ वर्षांचा झाला. २०१५ ला रोमानियाचा आद्रियन मुटू आला, वय ३६. २०१६ ला आइसलँडचा गुडयॉनसन येणार होता, वय ३८ ला टेकलेलं. तो सीझनआधीच जखमी झाला, मग मोहम्मद सिसोको आला. आम्ही अनुक्रमे सहावे, सातवे आणि सहावे आलो. आठ संघांत.

माझं मत विचाराल तर दोष त्या म्हाताऱ्यांचा नव्हता. ते बिचारे जमेल तसं खेळले. गडबड अशी, की ती यादी पोस्टरसाठी बनवलेली होती. लीग तेव्हा ऑक्टोबर ते डिसेंबर एवढीच चालायची, साखळीत १४ सामने. बरेचसे भारतीय खेळाडू उरलेलं वर्ष आय-लीगमधल्या दुसऱ्याच क्लबकडून खेळायचे. म्हणजे दिवाळीला भाड्याने आणलेल्या खुर्च्यांसारखं: कार्यक्रम झाला, टेम्पो आला, चला. पुढच्या वर्षी नव्या खुर्च्या. अशात बॅकफोरमधल्या चौघांना एकमेकांच्या सवयी कळणार कधी?

वरून कोच. २०१४ ला इटलीचा कोलोम्बा, २०१५ ला इंग्लंडचा डेव्हिड प्लॅट, २०१६ ला स्पेनचा हाबास, २०१७ ला सर्बियाचा पोपोविच, २०१८ ला स्पेनचा पोर्तुगाल (हे त्याचं आडनाव आहे, देश नव्हे). त्याला तीन सामन्यांत नारळ, मग हंगामी म्हणून प्रद्युम्न रेड्डी, मग फिल ब्राउन. पाच सीझन, सात माणसं. आमच्या धंद्यात हे बघितलेलं आहे. दर रिलीजला नवा आर्किटेक्ट येतो, आधीच्याचा कोड बघून नाक मुरडतो आणि सगळं पहिल्यापासून लिहायला बसतो. प्रोग्रॅमर सगळे हुशार असतात, तरी प्रॉडक्ट काही बाहेर पडत नाही.

मधलं एक वर्ष मात्र वेगळं होतं आणि मी अजूनही त्याच वर्षावर जगतो. २०१७-१८.

त्या वर्षी नियम बदलले होते. लीग लांबली, दहा संघ आणि साखळीत १८ सामने झाले. आय-लीग त्याच वेळी सुरू असल्याने खेळाडूला दोन्हींपैकी एक निवडणं भाग पडलं. आणि मैदानावर एका वेळी जास्तीत जास्त पाच परदेशी, म्हणजे सहा भारतीय हवेतच. त्यामुळे पोस्टर बाजूला ठेवून टीम बांधावी लागली. पुढे मार्सेलिन्हो आणि एमिलियानो अल्फारो. दोघांनीही आदल्या वर्षी हीच लीग खेळलेली, मार्सेलिन्हो तर दिल्लीकडून सर्वाधिक गोल करून आलेला. नाव युरोपात कुणाला माहीत नाही, पण फॉर्म आणि हवा-पाणी दोन्ही जमलेलं. आणि मागे पोरं. गोलमध्ये हिमाचलचा विशाल कैथ, वय २१. डिफेन्समध्ये सार्थक गोलुई, वय २०. लेफ्ट बॅकला साहिल पनवार, त्याहूनही लहान. विंगवर मलप्पुरमचा आशिक कुरुनियन, वय २०.

आशिकचं उदाहरण महत्त्वाचं. तो कुठल्या लिलावातून आला नव्हता. तो पुणे एफसीच्या अकादमीत घडला. (पुणे एफसी हा निराळा क्लब, त्याच्याकडे येतोच.) ती अकादमी नंतर पुणे सिटीने घेतली. म्हणजे आमच्याच गावात वाढलेला मुलगा आमच्याच टीममध्ये! आम्ही चौथे आलो, पहिल्यांदाच सेमीफायनलला. मार्च २०१८ मध्ये बालेवाडीला बंगळुरूविरुद्ध ०-०. त्या रात्री चांदणी चौकातून घरी येताना घसा बसला होता आणि ट्रॅफिकचं काही वाटलं नव्हतं, यावरून काय ते समजा. चार दिवसांनी बंगळुरूला सुनील छेत्रीने एकट्याने तीन मारले. लुक्काचा एक गोल आमचा. ३-१. संपलं.

हरल्याचं दुःख फारसं नव्हतं, छेत्रीकडून कुणीही हरतं. ती टीम आणखी दोन वर्षं एकत्र राहिली असती तर काहीतरी जिंकली असती असं मला तेव्हाही वाटत होतं. पण पुढच्या सीझनला पोपोविच नव्हता, तीन कोच झाले, आम्ही सातवे आलो आणि त्यानंतर क्लबच राहिला नाही.

आता बाकीच्या क्लबांबद्दल. पुणे एफसी २००७ चा, अशोक पिरामल समूहाचा. आय-लीगमध्ये २००९-१० ला तिसरा आणि २०१२-१३ ला दुसरा! २०१५ ला बंद. कल्याणी समूहाचा भारत एफसी २०१४-१५ चा एकच सीझन खेळला, शेवटचा आला, बंद. डीएसके शिवाजियन्स आय-लीगमध्ये २०१५-१६ आणि २०१६-१७ असे दोन सीझन खेळून बाहेर. म्हणजे २०१५ च्या सुरुवातीला या एका शहरात आय-लीगचे दोन क्लब, आयएसएलचा एक आणि वर यायच्या तयारीतला एक, असे चार क्लब होते. २०१९ च्या पावसाळ्यानंतर शून्य. पेठेतली मिसळीची दुकानं जास्त टिकतात हो.

पण या चौघांकडून खेळून गेलेल्यांची एक टीम मी फावल्या वेळात काढलीये, ती बघा. गोलमध्ये विशाल कैथ. हा पुढे मोहन बागानकडे गेला आणि २०२२-२३ चा आयएसएल चषक त्याने जिंकला. मागे उजवीकडे निखिल पुजारी, मध्ये सार्थक आणि आदिल खान, डावीकडे साहिल पनवार. निखिल २०२२ ला चॅम्पियन झालेल्या हैदराबादमध्ये होता. मध्यभागी रोहित कुमार आणि अराता इझुमी. अराता जन्माने जपानी, पुणे एफसीकडून वर्षानुवर्षं खेळला, भारतीय नागरिकत्व घेतलं आणि २०१३ मध्ये भारताची जर्सी घातली. विंगवर एका बाजूला आशिक, जो पुणे सिटीचा असतानाच २०१९ चा आशिया कप खेळला. दुसऱ्या बाजूला लालियनझुआला छांगटे. होय, २०२२-२३ ला देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला छांगटे एके काळी डीएसके शिवाजियन्सचा होता. पुढे मार्सेलिन्हो आणि अल्फारो. अकरा झाले.

वयं जुळत नाहीत, एका वेळी हे सगळे कधीच पुण्यात नव्हते, सगळं मान्य. पण मुद्दा लक्षात घ्या. पुण्यात खेळाडू येत होते, वाढत होते, चांगले निघत होते. टिकत नव्हता तो क्लब.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांचं यावर ठरलेलं वाक्य आहे. "अरे, पुण्यात फुटबॉल बघतंय कोण? लोकच येत नाहीत तर मालक काय करणार?" काका, तुमचं निम्मं बरोबर आहे. स्टेडियम शहराच्या एका टोकाला, सामना रात्री संपणार, नंतर पीएमटीची बस मिळेल याची खात्री नाही. स्वतःची गाडी नसलेला माणूस विचार करणारच. पण उरलेलं निम्मं असं, की लोक टीमला लळा लावतात तो ओळखीने. दर वर्षी अकराच्या अकरा चेहरे नवे असतील तर ओळख व्हायची कुणाशी?

याचं उत्तर बघायला जर्मनीला जायला नको, कोल्हापूरला गेलं तरी पुरतं. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा मित्र कोल्हापूरचा आहे. तो कुठल्या टीमचा हे त्याने निवडलेलंच नाही. तो ज्या पेठेत जन्मला तिथली तालीम हीच त्याची टीम. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब... शाहू स्टेडियमवर यांच्या मॅचला जी गर्दी होते ती बघून पुणेकराने गप्प बसावं. तिथेही बाहेरचे खेळाडू आणतात, अगदी आफ्रिकेतलेसुद्धा. तिथेही भांडणं होतात, हुल्लडबाजी होते, सगळं छान छान नाहीये. पण कुठला मालक अडचणीत आला म्हणून पाटाकडील तालीम उद्या दिल्लीला गेली असं होऊ शकत नाही. कारण ती जाणार कशी? ती त्या गल्लीतच आहे. जर्मनीत क्लबची निम्म्याहून जास्त मतं सभासदांकडे असली पाहिजेत असा नियम आहे. कोल्हापुरात तो कागदावर लिहायची कधी गरज पडली नाही, एवढंच.

आमच्याकडे मात्र टीम म्हणजे लीगमधली एक जागा, आणि जागा म्हटली की ती विकता येते, हलवता येते. कोथरूडकरांना हे वेगळं सांगायला नको, इथे वाडे गेले आणि टॉवर आले ते असेच. आणि हे फक्त पुण्याचं दुखणं नाही. जुलै २०२५ मध्ये करार नक्की होत नाही म्हणून अख्खी आयएसएलच स्थगित ठेवावी लागली होती.

याचा फटका माझ्यासारख्या प्रेक्षकाला बसतो तो तसा कमीच, आपण फार तर शनिवारी दुसरं काहीतरी बघतो. खरा फटका टर्फवरच्या त्या सोळा वर्षांच्या पोराला. २०१८ मध्ये त्याला सांगता येत होतं, की बघ, आशिक अकादमीतून आला आणि आज भारताकडून खेळतोय, बालेवाडी इथून अर्ध्या तासावर आहे. आज त्याच पोराला काय सांगणार? नवी मुंबईला जा, गोव्याला जा, बंगळुरूला जा. दहावीनंतर मुलाला फुटबॉलसाठी परगावी पाठवणारे आईबाप कोथरूडात किती निघतील? शास्त्रशुद्ध उत्तर माझ्याकडे नाही, पण एका हाताची बोटं उरतील असं वाटतं.

तर टीमचं भवितव्य काय? मला वाटतं पुण्याला पुन्हा क्लब मिळेल. एवढं मोठं शहर, एवढं चांगलं मैदान, कुणालातरी मोह होणारच. हॉटेलात पत्रकार परिषद होईल, एखादा नट येईल, लोगोवर घोडा किंवा शनिवारवाडा असेल. तेव्हा मी तीन प्रश्न विचारणार आहे. अकादमी कुठे आहे आणि त्यातली किती पोरं पहिल्या टीममध्ये घेणार? कोचचा करार किती वर्षांचा? आणि क्लब विकायची वेळ आली तर आधी आम्हाला, म्हणजे तिकीट काढणाऱ्यांना, विचारणार का? परदेशी स्ट्रायकर कोण हा प्रश्न माझ्या यादीत चौथासुद्धा नाही.

तीनपैकी दोन उत्तरं जरी धड मिळाली, तरी पहिल्या मॅचला मी बालेवाडीत आहे. पास मागणार नाही, तिकीट काढून येईन.