साडेसातची मालिका

गेल्या महिन्यात आम्ही केबल तोडली. १९९२ सालापासून ती काळी तार गच्चीवरून आमच्या खिडकीत लोंबत होती. २०१९ साली १०० वाहिन्यांचे मूळ भाडे १३० रुपये ठरले, वर कर. आम्ही पाहणार चार! हा हिशेब मास्तर असूनही मला कधी पटला नाही. आता सारे इंटरनेटवरून.

"हवी तेव्हा मालिका बघ," मी आईला म्हणालो.

"हवी तेव्हा म्हणजे किती वाजता रे?"

मी हसलो. रोज साडेसाताच्या ठोक्याला शेजारच्या काकू पदराला हात पुशीत येत. मालिका अर्ध्या तासाची, उंबऱ्यातली बोलणी तासाची. त्यांना आता कोणती वेळ कळवावी?

काल साडेसाताला आई चष्मा पुसून बसली होती. मालिका लाव, असे काही ती म्हणाली नाही. दाराची कडी तेवढी तिने काढून ठेवली होती.